ख्रिस्ती धर्मसमर्थन, आधुनिक

ख्रिस्ती श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचे निराकरण करणे आणि ही श्रद्धा विवेकी माणसाने स्वीकारण्याजोगी आहे असे दाखवून देणे, हे ज्या विवेचनाचे उद्दिष्ट असते, त्यास ‘धर्मसमर्थन’ म्हणतात. ख्रिस्ती परंपरेत यासाठी ‘अपॉलॉजिया’ ही ग्रीक संज्ञा रूढ झाली. न्यायालयात आरोपीने स्वतःच्या बाजूने केलेले निवेदन, असा तिचा मूळ अर्थ. आपल्या ठायी असलेल्या आशेचे कारण कोणी विचारले, तर त्याला सौम्यपणे उत्तर देण्यास सिद्ध असावे, असा उपदेश नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात केलेला आहे. या संज्ञेतच या विद्येची मुख्य अडचणही सूचित झालेली आहे. आरोपी कोणत्या न्यायासनाचा अधिकार मान्य करतो, यावर त्याच्या निवेदनाचे स्वरूप अवलंबून असते. आणि एखाद्या न्यायासनाचा अधिकार मान्य केला, की त्याचा प्रतिकूल निर्णयही मानणे भाग पडते. आधुनिक ईश्वरविद्येतील धर्मसमर्थनाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या न्यायासनाच्या निवडीविषयीच्या वादाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : आरंभीच्या ख्रिस्ती समर्थकांपुढील आरोप प्रत्यक्ष राजसत्तेचे होते. जस्टिन मार्टर (सु. १००–१६५) याने आपले समर्थन रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून लिहिले. ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने सेल्सस या ग्रीक टीकाकाराच्या आक्षेपांचे मुद्देसूद खंडन केले. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा प्राचीन दैवतांचा त्याग केल्यामुळेच ही आपत्ती ओढवली, हा आरोप खोडून काढण्यासाठी सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने ईश्वराची नगरी हा बृहद्‌ग्रंथ रचला. मध्ययुगात सेंट टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) याने विवेक आणि साक्षात्कार यांच्या क्षेत्रांची व्यवस्थित वाटणी केली. ईश्वराचे अस्तित्व मानवी विवेकाला सिद्ध करता येते. परंतु त्रैक्य, देहधारण इ. सिद्धांत साक्षात्कारानेच ज्ञात होतात. ते विवेकाच्या पलीकडचे आहेत, पण विवेकविरोधी नाहीत, ही त्याची भूमिका होय. पुढील पाच शतके धर्मसमर्थनाची इमारत मुख्यतः या वाटणीवर उभी होती.

प्रमाणांवर आधारलेले समर्थन : सतराव्या-अठराव्या शतकांत निसर्गविज्ञानाला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यामुळे समर्थकांनीही पुराव्याची भाषा स्वीकारली. जोसेफ बटलर (१६९२–१७५२) या इंग्रज बिशपचा द ॲनॉलॉजी ऑफ रिलिजन (१७३६) हा ग्रंथ या पद्धतीचा सर्वांत संयमी नमुना आहे. निसर्गाचा कर्ता ईश्वर आहे असे मानणाऱ्या, परंतु बायबलमधील साक्षात्कार नाकारणाऱ्या निसर्गेश्वरवाद्यांना त्याने उत्तर दिले. साक्षात्कारात ज्या दुर्बोध गोष्टी तुम्हांस खटकतात, तशाच निसर्गातही आहेत. एक स्वीकारून दुसरे नाकारण्याला आधार नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्याने निश्चितीचा दावा केला नाही. व्यवहारात माणूस ज्या संभाव्यतेवर विसंबतो, तीच धर्मातही पुरेशी मानली. मात्र या युक्तिवादाला दुहेरी धार आहे. निसर्गातील दुर्बोधता आणि क्रौर्य पाहून जो निसर्गाच्या कर्त्याविषयीच साशंक होतो, त्याला बटलरपाशी उत्तर नाही.

विल्यम पेली (१७४३–१८०५) याने नॅचरल थिऑलॉजी (१८०२) या ग्रंथात सृष्टीतील रचनाकौशल्यावरून तिच्या रचनाकाराचे अनुमान केले. माळरानावर पडलेले घड्याळ पाहून घड्याळजीचे अनुमान करावे लागते, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. चार्ल्स डार्विनने विद्यार्थिदशेत पेलीचे ग्रंथ आवडीने अभ्यासले होते. त्याच डार्विनने ऑरिजिन ऑफ स्पीशीज (१८५९) मध्ये नैसर्गिक निवडीची उपपत्ती मांडून सजीवांच्या रचनेचे दुसरे स्पष्टीकरण दिले. वैज्ञानिक स्पष्टीकरणाशी स्पर्धा करणारे गृहीतक म्हणून ईश्वराची मांडणी केली, की अधिक समर्पक गृहीतक पुढे येताच ते मागे घ्यावे लागते, हा या प्रसंगाचा धडा होय.

या पद्धतीचे तात्त्विक खंडन डार्विनच्या पूर्वीच झाले होते. डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याने १७४८ मध्ये चमत्कारांविषयीच्या प्रकरणात असे दाखवून दिले, की निसर्गनियमांना असलेला अनुभवाचा आधार हा चमत्कार सांगणाऱ्या कोणत्याही साक्षीपेक्षा सामान्यतः बलवत्तर ठरतो. गोटहोल्ट एफ्राइम लेसिंग (१७२९–८१) याने १७७७ मध्ये अधिक मूलगामी प्रश्न उपस्थित केला. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता ऐतिहासिक दृष्ट्या विश्वसनीय आहे असे मानले, तरी इतिहासातील आपाती घटनांपासून अनिवार्य सत्ये निष्पन्न कशी होतात? या दोहोंमधील खंदक आपल्याला ओलांडता येत नाही, असे त्याने म्हटले. इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने शुद्ध बुद्धीची मीमांसा (१७८१) या ग्रंथात ईश्वराच्या अस्तित्वाचे सत्तामूलक, विश्वमूलक आणि प्रयोजनमूलक हे तिन्ही युक्तिवाद असिद्ध ठरविले आणि ईश्वरकल्पनेला नैतिक जीवनाची पूर्वअट म्हणून स्थान दिले. अक्वाय्‌नसने विवेकाच्या वाट्याला दिलेले क्षेत्र अशा प्रकारे विवादास्पद झाले.

अनुभवाचा आश्रय : फ्रीड्रिख श्लायरमाखर (१७६८–१८३४) याने १७९९ मध्ये धर्माची अवहेलना करणाऱ्या सुशिक्षितांना उद्देशून लिहिलेली भाषणे प्रसिद्ध केली. धर्म म्हणजे विश्वाविषयीचे सिद्धांत नव्हेत, की नीतिनियमही नव्हेत; अनंताची अपरोक्ष जाणीव हे त्याचे सार आहे, असे त्याने प्रतिपादिले. पुढे या जाणिवेचे वर्णन त्याने ‘निरपेक्ष अवलंबित्वाची भावना’ असे केले. यामुळे धर्माला विज्ञान आणि नीती यांहून स्वतंत्र असे क्षेत्र मिळाले आणि कांटचे आक्षेप तेथे पोहोचू शकले नाहीत. परंतु हे समर्थन धर्माविषयी बोलते, ईश्वराविषयी बोलतेच असे नाही. लूटव्हिख फॉइरबाख (१८०४–७२) याने ख्रिस्ती धर्माचे सार (१८४१) या ग्रंथात हाच दुवा पकडला. धर्मभावनेत माणूस स्वतःचेच सत्त्व बाहेर प्रक्षेपित करून त्याची उपासना करतो, असे म्हणण्यास श्लायरमाखरच्या विवेचनात प्रत्यवाय नव्हता.

डॅनिश विचारवंत सरेन किर्केगॉर (१८१३–५५) याने समर्थनाचा खटाटोपच त्याज्य ठरविला. ज्या गोष्टीचे समर्थन करावे लागते, तिचे त्या समर्थनानेच अवमूल्यन होते, असे त्याचे मत. शाश्वत ईश्वर काळात देहधारी झाला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती गोष्ट विवेकाला विरोधाभासात्मकच वाटणार. तिच्याशी असलेले माणसाचे नाते निष्कर्षाचे नसून निर्णयाचे आहे. लेसिंगचा खंदक त्याने मान्य केला आणि तो उडीनेच ओलांडता येतो, असे सांगितले. उडी कोणत्या दिशेने घ्यावी हे कसे ठरवायचे, हा प्रश्न मात्र येथे अनुत्तरित राहतो.

रोमन कॅथलिक परंपरा : पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (१८६९–७०) एप्रिल १८७० मध्ये संमत केलेल्या धर्मघोषणेत दोन्ही टोके वर्ज्य ठरविली. ईश्वराचे अस्तित्व विवेकाच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे जाणता येते. चमत्कार आणि भविष्यकथने ही साक्षात्काराची बाह्य चिन्हे होत. तथापि श्रद्धा ही ईश्वरी कृपेची देणगी आहे, असे तीत सांगितले आहे. याच वर्षी जॉन हेन्री न्यूमन (१८०१–९०) याचा ग्रामर ऑफ असेंट हा ग्रंथ निघाला. माणूस अनेक क्षीण संभाव्यतांच्या समवायातून निश्चितीपर्यंत पोहोचतो आणि हे कार्य औपचारिक तर्क करीत नाही, तर अनुभवाने परिपक्व झालेली निर्णयशक्ती करते, हे न्यूमनचे प्रतिपादन. न्यायाधीश, वैद्य किंवा इतिहासकार यांचे निर्णय पाहता हे वर्णन यथार्थ वाटते. परंतु दोन परिपक्व माणसे परस्परविरुद्ध निर्णयांवर आली असता काय करावयाचे, हे त्यावरून कळत नाही.

मॉरिस ब्लाँदेल (१८६१–१९४९) याने कर्म (१८९३) या प्रबंधात नवा मार्ग सुचविला. मानवी संकल्प कोणत्याही मर्यादित साध्यात तृप्त होत नाही, हे त्याने कर्माच्या विश्लेषणाने दाखविले आणि साक्षात्कार बाहेरून लादलेला नसून माणसाच्या आंतरिक उणिवेला दिलेले उत्तर आहे, असे मांडले. कार्ल रानर (१९०४–८४) याने हाच विचार पुढे नेऊन माणसाचे स्वरूपच ईश्वरी आत्मदानाकडे उन्मुख आहे, असे प्रतिपादिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) काळात ‘धर्मसमर्थन’ या नावाऐवजी ‘मूलभूत ईश्वरविद्या’ हे नाव अधिकाधिक रूढ होत गेले. वादापेक्षा संवादाकडे झालेले वळण या नामांतरात दिसते. तथापि ख्रिस्ती नसलेल्या सज्जनांना ‘अनामिक ख्रिस्ती’ मानण्याच्या रानरच्या कल्पनेवर, ती इतरांच्या आत्मपरिचयाचा अनादर करते, असा आक्षेप घेण्यात आला आहे.

बार्ट-ब्रुनर वाद : विसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट विचारातील निर्णायक प्रसंग १९३४ मधील होय. एमील ब्रुनर (१८८९–१९६६) या स्विस ईश्वरवेत्त्याने निसर्ग आणि कृपा या पुस्तिकेत असे म्हटले, की पतित मानवाच्या ठायीही ईश्वरी संदेशाला प्रतिसाद देऊ शकेल असा एक संपर्कबिंदू शिल्लक असतो. कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याने ‘नाही!’ एवढ्याच शीर्षकाची पुस्तिका लिहून त्याला उत्तर दिले. ईश्वराचे ज्ञान ख्रिस्तामध्ये झालेल्या त्याच्या आत्मप्रकटीकरणातूनच होते. त्याखेरीज दुसरा कोणताही आधार शोधणे म्हणजे मानवाने स्वतःच्या कल्पनेतील ईश्वर घडविणे होय, असे त्याने ठासून सांगितले.

या कठोरतेमागे तात्कालिक कारणही होते. जर्मनीतील ‘जर्मन ख्रिस्ती’ हा गट वंश, रक्त आणि राष्ट्र यांतही ईश्वरी आदेश पाहू लागला होता आणि नाझी राजवटीचे धार्मिक समर्थन करीत होता. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये काढण्यात आलेले बार्मेन घोषणापत्र मुख्यतः बार्टनेच लिहिले होते. साक्षात्काराबाहेरचे न्यायासन मान्य केले तर ते कोणाच्या ताब्यात जाऊ शकते, याचे भान बार्टला होते. त्याच्या नकाराला नैतिक वजन येते ते यामुळे. परंतु तर्कदृष्ट्या या भूमिकेची किंमत मोठी आहे. एखाद्या अन्य पंथानेही आपल्या साक्षात्काराच्या बाबतीत असाच बाह्य निकषांचा अव्हेर केला, तर बार्टला त्याच्याशी युक्तिवाद करता येणार नाही. त्याला केवळ आपली घोषणा पुन्हा करता येईल.

डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत समर्थनाच्या एका प्रचलित पद्धतीवर टीका केली. विज्ञानाने न उलगडलेल्या फटींत किंवा माणसाच्या दुर्बलतेच्या क्षणी ईश्वराला जागा शोधून देणे त्याला अप्रशस्त वाटले; प्रौढ झालेल्या जगाला कृत्रिम रीत्या परावलंबी करण्याचा तो प्रयत्न आहे, असे त्याचे म्हणणे. रूडॉल्फ बुल्टमान (१८८४–१९७६) याने १९४१ मध्ये नव्या करारातील मिथ्यकथात्मक भाषेचे अस्तित्ववादी अर्थनिरूपण करण्याचा आग्रह धरला. पाउल टिलिख (१८८६–१९६५) याने आपली ईश्वरविद्या समर्थनपर आहे, असे उघडपणे सांगितले. मानवी अस्तित्वातून उद्‌भवणारे प्रश्न आणि साक्षात्कारातील उत्तरे यांची सांगड घालणे, ही त्याची पद्धत. या मार्गाने आधुनिक वाचकाची अडचण दूर होते. पण पुनरुत्थान ही घडलेली घटना आहे की केवळ शिष्यांच्या श्रद्धेचा उदय, हा प्रश्न बुल्टमानपाशी बाजूला पडतो. तो पुन्हा मध्यभागी आणण्याचे श्रेय व्होल्फहार्ट पानेनबेर्ख (१९२८–२०१४) याला दिले पाहिजे. साक्षात्कार इतिहासात घडतो, म्हणून तो ऐतिहासिक चिकित्सेला खुला असला पाहिजे, असे त्याने १९६१ पासून मांडले. श्रद्धेला धोका पत्करण्यास लावणारी ही भूमिका प्रामाणिक आहे.

अर्थपूर्णतेचा प्रश्न : तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांनी वादाचे स्वरूप बदलले. ए. जे. एअर (१९१०–८९) याने १९३६ मध्ये ईश्वरविषयक विधाने असत्य नसून अर्थशून्य आहेत, असे म्हटले. अँटोनी फ्ल्यू (१९२३–२०१०) याने १९५० मधील एका छोट्या लेखात विचारले, की कोणती घटना घडली असता ‘ईश्वर आपल्यावर प्रेम करतो’ हे विधान तुम्ही मागे घ्याल? कोणतीच नाही, असे उत्तर असेल तर त्या विधानाने काही सांगितलेच नाही. आर. एम. हेअर याने धार्मिक श्रद्धा ही विधाने नसून जगाकडे पाहण्याच्या मूलभूत दृष्टी आहेत, असे म्हणून आक्षेप टाळला. बेझिल मिचेल (१९१७–२०११) याने शत्रुव्याप्त देशातील क्रांतिकारकाचा दृष्टांत दिला. एका अनोळखी माणसाला भेटून तो क्रांतिकारक त्याच्यावर विश्वास टाकतो. पुढे तो माणूस शत्रूला साह्य करताना दिसला, तरी विश्वास सोडत नाही. मात्र विरुद्ध पुरावा त्याला बोचत राहतो. मिचेलचे उत्तर हेअरच्या उत्तरापेक्षा श्रद्धावंताच्या अनुभवाला अधिक जवळचे आहे. कारण दुःख हा श्रद्धेविरुद्ध पुरावा आहे, हे ते नाकारीत नाही. जॉन हिक (१९२२–२०१२) याने १९६० मध्ये ही विधाने मरणोत्तर अनुभवात पडताळता येतील, असे सुचविले. फ्ल्यूने स्वतः २००४ मध्ये निरीश्वरवाद सोडून निसर्गेश्वरवादासारखी भूमिका घेतली; ख्रिस्ती श्रद्धा मात्र स्वीकारली नाही.

विश्लेषक तत्त्वज्ञानातील पुनरुज्जीवन : १९६० नंतर इंग्रजीभाषक जगात समर्थनाला नवे बळ मिळाले. जे. एल. मॅकी (१९१७–८१) याने १९५५ मध्ये सर्वशक्तिमान आणि सर्वथा शुभ अशा ईश्वराचे अस्तित्व दुरिताच्या अस्तित्वाशी तर्कतः विसंगत आहे, असा आक्षेप घेतला होता. अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्व्हिन प्लँटिंगा (जन्म १९३२) याने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याला उत्तर दिले. ईश्वर दुरित का घडू देतो हे त्याने सांगितले नाही. स्वतंत्र संकल्पशक्ती असलेल्या जीवांचे जग दुरितावाचून निर्माण करणे ईश्वरालाही अशक्य असू शकेल, एवढे दाखविले. तार्किक विसंगतीचा आरोप निष्प्रभ करण्यास ते पुरेसे आहे, असे अनेक निरीश्वरवादी तत्त्वज्ञांनीही मान्य केले. तथापि विल्यम रो याने १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, निष्प्रयोजन वाटणाऱ्या दुःखाचे प्रमाण हा ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्धचा पुरावा म्हणून शिल्लक राहतोच.

प्लँटिंगाचे दुसरे प्रतिपादन अधिक दूरगामी आहे. बाह्य जगावरील किंवा स्मृतीवरील विश्वास आपण इतर पुराव्यांवरून सिद्ध करीत नाही, तरी तो अविवेकी ठरत नाही. ईश्वरावरील श्रद्धाही अशीच मूलभूत असू शकते, असे त्याचे म्हणणे. २००० मधील ग्रंथात त्याने असे दाखविण्याचा प्रयत्न केला, की ख्रिस्ती श्रद्धा सत्य असेल तर ती बहुधा ज्ञानपदवीला पात्रही असेल. ती सत्य आहे की नाही, हे ठरविणे तत्त्वज्ञानाच्या अधिकाराबाहेर आहे, असे त्याने त्याच ग्रंथात नमूद केले. याउलट रिचर्ड स्विनबर्न (जन्म १९३४) याने जुना दावा सोडला नाही. द एक्झिस्टन्स ऑफ गॉड (१९७९) या ग्रंथात संभाव्यतेच्या गणिताने सर्व पुराव्यांची एकत्र बेरीज करून ईश्वराचे अस्तित्व असंभाव्य असण्यापेक्षा संभाव्य अधिक आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. २००३ मध्ये त्याने येशूच्या देहधारणाची व पुनरुत्थानाची संभाव्यता सु. ९७ टक्के येते, असेही मांडले. ही अचूकता भासमान आहे. कारण गणितात प्रारंभी जी मूल्ये गृहीत धरली जातात, त्यांविषयीच श्रद्धावंत आणि संशयवादी यांचे मतभेद असतात.

भारतीय संदर्भ : समर्थनातील हा पेच एकोणिसाव्या शतकात भारतातही प्रकट झाला. मुंबईत जॉन विल्सन (१८०४–७५) आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ मधील वाद, तसेच विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांचे १८५७ मधील समुद्रकिनाऱ्यावरील वादविवाद प्रसिद्ध आहेत. तात्त्विक दृष्ट्या अधिक उद्‌बोधक उदाहरण नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–९५) यांचे होय. काशीत वाढलेल्या या मराठी पंडिताने जॉन म्यूर याच्या मतपरीक्षा (१८३९) या संस्कृत ग्रंथाला शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहून उत्तर दिले. म्यूरने विवेकाच्या कसोटीवर हिंदू शास्त्रे सदोष ठरविली होती. श्रद्धेचे स्थान तर्काच्या आधी आहे आणि तर्काची ही कसोटी ख्रिस्ती शास्त्रालाही तितकीच अडचणीची आहे, असा गोऱ्ह्यांच्या उत्तराचा रोख होता. पुढे १८४८ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि षड्‌दर्शनदर्पण (१८६०) या हिंदी ग्रंथात तर्काच्याच साधनाने हिंदू दर्शनांचे खंडन केले. एकाच विद्वानाने दोन्ही भूमिका दोन धर्मांच्या वतीने मांडल्यामुळे या युक्तिवादांचे सामर्थ्य व मर्यादा एकत्र पाहता येतात.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून असे दिसते, की धर्मसमर्थनात दोन भिन्न दावे एकत्र मिसळलेले असतात. श्रद्धा बाळगणे अविवेकीपणाचे नाही, हा एक. आणि श्रद्धेचा विषय सत्य आहे, हा दुसरा. बटलर, पेली, पानेनबेर्ख आणि स्विनबर्न यांनी दुसरा दावा पेलण्याचा प्रयत्न केला. हेअर आणि प्लँटिंगा यांचा भर पहिल्यावर आहे. पहिल्या दाव्याच्या बाबतीत आधुनिक समर्थकांना लक्षणीय यश मिळाले आहे. धार्मिक माणूस केवळ धार्मिक असल्यामुळे विचारहीन ठरतो, हे मत आज जबाबदारीने मांडणे कठीण आहे. परंतु हे यश ख्रिस्ती श्रद्धेपुरते मर्यादित ठेवता येत नाही. पुराव्यावाचून श्रद्धा विवेकसंमत असू शकते हे मान्य केले, तर तोच न्याय मुसलमान, वैष्णव किंवा बौद्ध श्रद्धेलाही लावावा लागतो. तरुण गोऱ्हे यांनी म्यूरला हीच गोष्ट सांगितली होती. सत्यतेचा दावा करावयाचा तर पुन्हा सर्वांना समान असलेल्या निकषांकडे, म्हणजे इतिहास, अनुभव आणि नैतिक फलश्रुती यांकडे, वळावे लागते आणि तेथे ह्यूम, लेसिंग व रो यांचे आक्षेप वाट पाहत असतात.

म्हणून या शाखेतील कोणत्याही लेखनाचे मूल्य ठरविताना ते यांपैकी कोणता दावा करीत आहे आणि त्यासाठी कोणता धोका पत्करीत आहे, हे प्रथम पाहणे इष्ट ठरते. प्रतिकूल उत्तराची शक्यताच ज्यात राहत नाही, असे समर्थन श्रद्धेला सुरक्षित करते. पण अश्रद्धाला सांगण्याजोगे त्यात काही उरत नाही. याउलट बटलरचा संयम, मिचेलच्या दृष्टांतातील अस्वस्थता आणि पानेनबेर्खची ऐतिहासिक चिकित्सेला सामोरे जाण्याची तयारी यांत श्रद्धा आणि विवेक या दोहोंविषयी आदर दिसून येतो. ज्यांना ती श्रद्धा मान्य नाही, अशा वाचकांनाही हे लेखन विचारार्ह वाटते, याचे कारण हेच होय.